सुखी शहर कशाने होते?

आठवीच्या वर्गाला भूगोल शिकविताना मी दरवर्षी एक लहानसा प्रयोग करतो. मुलांना कोरा कागद देतो आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा आठवणीने काढावयास सांगतो. पायी किंवा सायकलीने येणाऱ्या मुलांच्या कागदावर दाटी असते. पिंपळ, पोह्यांची गाडी, अंगावर येणारा कुत्रा, रद्दीवाला, ज्या घरी मागितले की पाणी मिळते ते घर, सारे काही त्यात असते. व्हॅनमधून येणारी मुले बहुधा एका टोकाला घर काढतात, दुसऱ्या टोकाला शाळा, आणि मध्ये एक रेघ. गेल्या काही वर्षांत रेघवाल्या कागदांची थप्पी वाढत चालली आहे. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘शहर’ या विषयावर काही लिहा असे सांगितले, तेव्हा मला प्रथम त्या थप्पीची आठवण झाली.

एखादे शहर राहावयास सुखाचे आणि दुसरे तितके नाही, असे आपण सहज बोलून जातो. पण सुख मोजावयाचे कसे? हॅडली कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात यासाठी एक साधी युक्ती मांडली. मनात एक शिडी उभी करा, तळाला शून्य आणि माथ्याला दहा. तुम्हाला सुचेल ते उत्तमातले उत्तम आयुष्य माथ्यावर, वाईटातले वाईट तळाशी. आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहात? जगभर माणसांना हाच प्रश्न विचारला जातो. २०२० च्या जागतिक सुख-अहवालात १८६ शहरांची अशी क्रमवारी लावली होती. तीत फिनलंडची राजधानी हेलसिंकी पहिली आली, डेन्मार्कचे आर्हूस दुसरे, आणि आपली दिल्ली १८० व्या जागी होती.

मात्र या यादीवरून घाईने अनुमान काढू नये. शहरांचा क्रम बहुतांशी त्यांच्या देशांच्या क्रमाच्या मागून चालतो. देशात पोटापाण्याची शाश्वती, आजारपणात आधार आणि सरकारी कचेरीवर भरवसा असेल, तर त्याचे श्रेय तेथील शहरालाही मिळते. ते सारे नगरपालिकेच्या हातचे नसते. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा, की शहराच्या स्वतःच्या हाती काय उरते?

पुष्कळ उरते. प्रथम वाटेचाच विचार करू. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासन्तास हिशेब लिहावयास सांगितला होता, कोणत्या वेळी मन कसे होते त्याच्यासह. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाशी गेला. चार माणसांत बसून बोलणे वरच्या अंगाला राहिले. श्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील माहिती तपासली, तेव्हा रोजच्या लांब प्रवासाची झीज मोठ्या घराने किंवा वाढत्या पगाराने भरून निघत नाही असे त्यांना आढळले. मोठ्या सदनिकेच्या आशेने माणूस गावाबाहेर जातो. घराची त्याला सवय होते, रोजच्या वाहतूक-कोंडीची मात्र होत नाही.

याहून मला अधिक विचार करावयास लावणारा अभ्यास डोनाल्ड ॲपलयार्ड यांचा आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरातील एकमेकींसारख्या दिसणाऱ्या तीन गल्ल्या त्यांनी निवडल्या. फरक एवढाच, की एकीतून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसरीतून ८,००० आणि तिसरीतून १६,०००. शांत गल्लीत दर माणशी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे लोक त्याच गल्लीत राहणारे निघाले. वर्दळीच्या गल्लीत हे आकडे ०.९ आणि ३.१ इतके खाली आले. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला होता: ‘आपले’ म्हणून जे वाटते त्याची हद्द नकाशावर दाखवा. शांत गल्लीतल्यांनी सबंध गल्लीला वेढा घातला, तर वर्दळीच्या गल्लीतल्यांची रेघ आपल्या इमारतीच्या बाहेर सहसा गेली नाही. हे संशोधन १९७२ साली प्रसिद्ध झाले. मी ते पुष्कळ उशिरा वाचले आणि आमच्या वर्गातल्या कागदांचा अर्थ मला तेव्हा कळला. खुद्द ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये भरधाव मोटारीखाली सापडून वारले, हा दैवाचा क्रूर खेळ म्हणावयाचा.

इतके दूर जाऊन आल्यावर घराकडे वळावयास हरकत नाही. कारण सुखी शहर कशाने होते याचा एक मोठा धडा शंभर वर्षांपूर्वी आपल्या इंदुरातच गिरविला गेला होता, आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहो.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये त्यांचा जन्म झाला. झाडाचा अभ्यास करताना माती, पाणी, ऊन सोडून नुसते पान पाहून चालत नाही, हा वनस्पतिशास्त्रातला नियम त्यांनी शहराला लावला. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढील काही वर्षांत ठाणे, बडोदे, नागपूर, लखनौ, लाहोर अशा अनेक शहरांविषयी त्यांनी अहवाल लिहिले. पुढे १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी त्यांनी इंदूरवर लिहिलेला अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला.

त्या काळी जुन्या वस्तीवर इलाज म्हणजे वस्तीच्या छातीतून एक सरळ रुंद रस्ता काढणे. गेडिस यांना हे मान्य नव्हते. ते प्रथम पायी हिंडत. कोणती भिंत खचली आहे, कोणते घर धडधाकट आहे, विहीर कुठे, बायका बसतात कुठे, हे पाहून मग नकाशाला हात लावीत. दोनचार पडकी घरे काढावी, तेथे लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, बाकीच्यांना धक्का लावू नये, अशी त्यांची रीत. तिला त्यांनी वैद्यकातले नाव दिले होते; मराठीत ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ म्हणता येईल. सरळ रस्त्यापेक्षा ती स्वस्त पडते, हाही त्यांचा मुद्दा होता. घर पाडले की माणूस नाहीसा होत नाही, तो शेजारच्या दाटीत जाऊन भर घालतो, आणि एका ठिकाणचा रोग दुसरीकडे जातो. हे साधे गणित त्यांनी वारंवार सांगितले.

इंदुरात ते आले तेव्हा गावाला प्लेगची धास्ती होती. १८९६ साली मुंबईत उतरलेला हा रोग उंदरांच्या पिसवांतून माणसांकडे येतो असे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीस दाखवून दिले होते. पण शास्त्रज्ञाला कळले म्हणजे गल्लीला कळले असे होत नाही. हा गोरा म्हातारा हातात नकाशा घेऊन बोळाबोळांतून हिंडतो, तेव्हा हाच प्लेग घेऊन आला असावा, असे लोक म्हणू लागले. गेडिस यांनी अधिकाऱ्यांकडे एक दिवसाचे महाराजपद मागितले, आणि त्यांना ते मिळाले, असे त्यांच्याच हकिकतीत आहे.

त्यांनी दवंडी पिटविली, की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ झाल्या असतील, जेथील घरांची डागडुजी व रंग झाला असेल, त्यांतून ती जाईल. झाले! सबंध गाव झाडू घेऊन उठला. कचरा फुकट नेण्याची सोय केली होती. सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला. उंदीर हजारोंनी पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती, उंट, स्वार होतेच. पण मागून शेतीच्या सुगीचे रथ होते, पडक्या घाणेरड्या वस्त्यांचे देखावे होते, प्लेगचा प्रचंड राक्षस होता आणि त्याच्याबरोबर अजस्र उंदीर. त्यांच्यामागून नगराचे सफाई कामगार चालत होते: शुभ्र कपडे, नव्या पागोट्या, सजविलेले झाडू, फुलांच्या माळा. मग नगरदेवतेचा रथ आला, भावी शहराचा नकाशा घेऊन, आणि त्यावर होणारी ग्रंथालये, बागा यांचे नमुने. घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर दारूकामात जाळून टाकले. रोग हटला, आणि ज्याच्याकडे बोट दाखविले जात होते त्या म्हाताऱ्याला पाहून मुले आनंदाने ओरडू लागली.

या हकिकतीत मला विशेष वाटते ते एवढेच, की गेडिस यांनी दंड बसविला नाही. ‘मिरवणूक आपल्या दारावरून जावी’ ही माणसाची इच्छा त्यांनी ओळखली. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहावयास रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून रात्र काढणाऱ्या इंदूरकरांना ही इच्छा समजावून सांगावयास नको. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. माझे आजोबा तिच्या साळखात्यात होते. पगार थांबला तरी झांकी निघत राहिली, आणि घरातली वडील माणसे ‘आपल्या मिलची’ झांकी पाहावयास जात राहिली. बंद पडलेल्या गिरणीला ‘आपली’ म्हणणे अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही.

२०१७ पासून स्वच्छ शहरांच्या देशव्यापी सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले येत गेले. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करण्याची सवय येथे घरोघर लागली, आणि सकाळी गाडीचे गाणे ऐकू येताच मुले डबा घेऊन धावतात. मला याचा अभिमान आहे. बाहेरगावी गेलो म्हणजे मी तो लपवीतही नाही. पण डोळ्यांना दिसणारी स्वच्छता निराळी आणि जमिनीखालची निराळी. २०२५ सालच्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला आणि माणसे दगावली, तीही याच पहिल्या क्रमांकाच्या शहरात. गेडिस यांच्या अहवालाचा मोठा भाग पाणी, मैला आणि नद्या यांनी भरलेला आहे. खान आणि सरस्वती या गावातल्या दोन्ही नद्यांचे काठ बागांनी जोडावेत असे त्यांनी सुचविले होते. पुढे आपण त्या नद्यांचे नाले केले. खानचे पाणी क्षिप्रेला मिळते, तेव्हा आपली घाण आपण उज्जैनच्या घाटापर्यंत पोचविली. आता नदी सुधारण्याची कामे चालतात, ती चालावीतच. परंतु तीन पिढ्यांच्या मुलांना नदीकाठी खेळणे म्हणजे काय ते ठाऊक नाही, हा तोटा कोणत्या खात्यात मांडावयाचा?

हिरवळीचे मोल काही मोजताही आले आहे. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची नोंद तपासली. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्यांना विटांची भिंत दिसे त्यांना ८.७० दिवस लागले. एका खिडकीने रुग्णाचे पाऊण दिवस वाचविले.

आता थोडे घरचे. आमच्या गल्लीतील घरांना ओटे होते. तिन्हीसांजेला अम्मी आणि समोरच्या काकू ओट्यावर बसून गहू निवडीत, आणि माझे मराठी बव्हंशी त्या ओट्यावर झाले, शाळेत नंतर. कोणाच्या घरी तार आली, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाला ताप आहे, हे ओट्याला प्रथम कळे. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, आणि मोजणीत ओटे गेले. मोबदल्याबद्दल माझी तक्रार नाही. रुंद रस्त्याने रुग्णवाहिका येते, तीही मी पाहिली आहे, म्हणून रस्ता नकोच होता असे मी म्हणणार नाही. परंतु ओट्याची जागा गेली तेव्हा नकाशावर कोणीही ‘येथे दोन बायका चाळीस वर्षे बसत’ अशी खूण केलेली नव्हती. गेडिस असते तर त्यांनी ती केली असती, आणि कदाचित रस्त्याला दोन हात वळण दिले असते. काकू मुलाकडे लांबच्या वसाहतीत गेल्या. अम्मी दाराच्या आत खुर्ची टाकून बसते. मोटारींच्या आवाजात समोरून हाक मारली तरी ऐकू येत नाही.

यंदा मी नकाशाचा प्रयोग थोडा बदलला आहे. घटक चाचणीनंतरच्या शनिवारी आठवीचा वर्ग वह्या घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून राजवाड्यापर्यंत आणि पुढे सराफ्याच्या मागील बोळांतून पायी फिरणार आहे. कुठे सावली आहे, कुठे बसता येते, कुठे पाणी मिळते, कोणत्या दारात कोण बसले आहे, याची नोंद करावयाची. दुकानदारांशी मुलांनी स्वतः बोलावयाचे. व्हॅनने येणाऱ्यांनी त्या दिवशी चालण्याजोग्या वहाणा घालून याव्यात, अशी सूचना मी फळ्यावर लिहून ठेवली आहे.