रिझल्ट दिला तरी मॅनेजर का जातो? बोस्टन रेड सॉक्सची केस स्टडी



या आठवड्याच्या व्हिडिओत मी बेसबॉलच्या एका टीमची गोष्ट सांगितली. वेळेत बसवायला बरेच आकडे गाळावे लागले, ते इथे देतोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल. बेसबॉल कळत नसेल तरीही चालेल, कारण आपला विषय खेळ नाही. आपला विषय आहे मालक आणि त्याने ठेवलेला माणूस.

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत बोस्टन रेड सॉक्स नावाची जुनी टीम आहे. २०१८ च्या मोसमात तिने १६२ पैकी १०८ सामने जिंकले. टीमच्या शंभरहून जास्त वर्षांच्या इतिहासातला हा विक्रम. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सला ४-१ ने हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकली. ही टीम बांधली होती डेव्ह डोम्ब्रोव्स्की यांनी. पद होतं प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स, म्हणजे कोणता खेळाडू घ्यायचा, कोणता द्यायचा, कोणाला किती पैसे द्यायचे, हे ठरवणारा माणूस. मैदानावरचा कोच वेगळा.

सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे ट्रॉफी घेऊन वर्षही झालं नव्हतं, रविवारी रात्री न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा सामना हरल्यावर मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की डोम्ब्रोव्स्कींना काढलं.

पहिली प्रतिक्रिया काय येते? "मालक लोक कृतघ्न असतात." व्हिडिओ रेकॉर्ड करताना आमच्या एडिटरचीही तीच होती. पण थांबा. आधी हिशेब बघू.

मालक कोण होता, ते पहिलं बघा

मुख्य मालक जॉन हेन्री. फुटबॉल बघणाऱ्यांना नाव माहीत असेल, लिव्हरपूल क्लबही याच ग्रुपचा. माणूस शेतकरी घरातला, पैसा कमावला तो कमोडिटी ट्रेडिंगमध्ये, सोयाबीनसारख्या मालाच्या वायद्यांत. त्याची पद्धत अशी की नियम आधी ठरवायचे आणि मग भावनेत न जाता पाळायचे. 'मनीबॉल' सिनेमा पाहिला असेल तर शेवटी बोस्टनचा जो मालक बिली बीनला मोठी ऑफर देतो, तोच हा. बीनने ती नाकारली. मग बोस्टनने २८ वर्षांच्या थिओ एपस्टीनला जनरल मॅनेजर केलं आणि २००४ मध्ये, ८६ वर्षांनी, ट्रॉफी घरी आली.

आता गंमत बघा. हेन्री आणि डोम्ब्रोव्स्की एकमेकांना २०१५ मध्ये पहिल्यांदा भेटले नव्हते. १९९९ मध्ये हेन्रीने फ्लोरिडा मार्लिन्स ही टीम विकत घेतली तेव्हा तिथले जनरल मॅनेजर डोम्ब्रोव्स्कीच होते. म्हणजे आपण कोणाला ठेवतोय, त्याची कामाची स्टाइल काय, हे मालकाला पक्कं माहीत होतं. "माणूस ओळखायला चुकलो" ही सबब इथे चालत नाही.

कशासाठी ठेवलं होतं?

ऑगस्ट २०१५. रेड सॉक्स २०१२ ला गटात तळाला, २०१३ ला चॅम्पियन, २०१४ ला परत तळाला, आणि २०१५ लाही तळाकडेच. पण गोदाम भरलेलं होतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक मोठ्या टीमखाली छोट्या टीम्सची साखळी असते, तिला फार्म सिस्टिम म्हणतात. तिथे तरुण पोरं तयार होतात. बोस्टनकडे मूकी बेट्स, झँडर बोगार्ट्स, राफाएल डेव्हर्स, योआन मोंकाडा असा माल होता. काही वर आलेला, काही अजून पिकायचा. आधीच्या लोकांनी तो जमवला होता. शिवाय मालकाकडे पैसा होता.

डोम्ब्रोव्स्कींची ख्याती अशी की तरुण पोरं देऊन तयार स्टार आणायचे आणि लवकर जिंकायचं. आल्यावर त्यांनी तेच केलं. डेव्हिड प्राइस या पिचरला ७ वर्षांसाठी २१ कोटी ७० लाख डॉलर. डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल आणला, बदल्यात मोंकाडा, मायकल कोपेक आणि आणखी दोघं दिले. या मोंकाडाला सही करताना बोस्टनने ३ कोटी १५ लाख डॉलर बोनस दिला होता आणि साधारण तितकाच दंड लीगला भरला होता. म्हणजे महाग बियाणं. २०१८ च्या सुरुवातीला जे. डी. मार्टिनेझला ५ वर्षांसाठी ११ कोटी. अॅलेक्स कोराला मॅनेजर नेमलं.

रिझल्ट? २०१६, २०१७, २०१८, सलग तीनदा गटात पहिला नंबर. टीमच्या इतिहासात असं आधी कधीच झालं नव्हतं. आणि मग ट्रॉफी.

हे सगळं बरोबर होतं. नंतर हुशारी दाखवून "त्याने भविष्य विकलं" म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. त्याला भविष्य विकायलाच तर ठेवलं होतं, आणि विकताना बेट्स, बोगार्ट्स, डेव्हर्स हे तीन हिरे त्याने हातचे जाऊ दिले नाहीत. सौदा करणाऱ्याचं खरं कसब हेच असतं, काय विकायचं नाही ते कळणं.

मग बिघडलं कुठे?

इथे मला जरा अकाउंट्समध्ये जावं लागेल. बीबीएच्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि दुकानात बसल्यावर पाचव्या वर्षी कळतं असं हे प्रकरण आहे. नफा-तोटा पत्रक सांगतं यंदा काय कमावलं. ताळेबंद सांगतो आज तुमच्याकडे काय आहे आणि किती देणं आहे. दिवाळीत दुकान तुडुंब चाललं, गल्ला भरला, पण माल सगळा उधारीवर आणलेला आणि गोदाम रिकामं, तर नफा-तोटा छान दिसेल आणि ताळेबंद ओरडत असेल.

२०१८ ची ट्रॉफी हे नफा-तोटा पत्रक. ताळेबंद असा होता: गोदामात तरुण पोरं जवळपास संपलेली, आणि देण्याच्या बाजूला लांबलांब करार.

त्यात लीगचा एक नियम. आपल्या आयपीएलमध्ये पर्स ठरलेली असते, त्यापुढे बोलीच लावता येत नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये तशी पक्की मर्यादा नाही. एक रेषा आहे, तिच्यावर खर्च केला तर वरच्या रकमेवर टॅक्स भरायचा. तिथे त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात. त्या काळात पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ५० टक्के. एक वर्ष रेषेखाली आलात की मीटर परत शून्यावर. २०१८ मध्ये रेषा १९ कोटी ७० लाख डॉलरला होती. बोस्टन तिच्या ४ कोटींहून जास्त वर गेलं, सुमारे १ कोटी २० लाख डॉलर टॅक्स भरला, आणि वर शिक्षा म्हणून पुढच्या ड्राफ्टमधली त्यांची पहिली निवड १० जागा मागे ढकलली गेली. म्हणजे रिकामं गोदाम भरायचा रस्ताही अरुंद झाला. २०१९ मध्येही ते रेषेच्या वरच होते. २०२० मध्ये ५० टक्क्यांचा मीटर लागणार होता.

आणि २०२० संपलं की मूकी बेट्सचा करार संपणार होता. टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू.

आता ट्रॉफीनंतर डोम्ब्रोव्स्कींनी काय केलं ते बघा. डिसेंबर २०१८ मध्ये नेथन इओवाल्डी, ४ वर्षं, ६ कोटी ८० लाख. मार्च २०१९ मध्ये ख्रिस सेलला ५ वर्षांची वाढ, १४ कोटी ५० लाख. सेलच्या जुन्या करारात २०१९ चं वर्ष अजून शिल्लक होतं. २०१८ मध्ये त्याचा खांदा दुखत होता. थांबून बघता आलं असतं. पण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सेलचं कोपर दुखावलं, मार्च २०२० मध्ये ऑपरेशन झालं, आणि नव्या कराराच्या पहिल्या तीन मोसमांत मिळून तो फक्त ११ सामन्यांत सुरुवातीला उतरला.

म्हणजे काम बदललं होतं. २०१५ मध्ये काम होतं "गोदाम वापरा आणि जिंका". २०१८ च्या ऑक्टोबरनंतर काम झालं "खर्च खाली आणा, गोदाम भरा, आणि तरी टीम टिकवा". माणूस पहिलंच काम करत राहिला, आणि ते काम तो फार छान करायचा. काढल्यानंतर काही दिवसांनी मालकांनी पत्रकारांना साधारण हेच सांगितलं की पुढे कसं जायचं यावर मतं जुळत नव्हती, आणि हे ट्रॉफीनंतर लवकरच लक्षात आलं होतं.

२०१९ चा मोसम ८४ विजय, ७८ पराभव असा संपला. सगळ्यात महागड्या टीमपैकी एक, आणि गटात तिसरी. लोक म्हणतात म्हणून काढलं. माझं मत वेगळं आहे. खराब मोसमाने फक्त तारीख ठरवली.

मालकाचा हिशेब पण मांडू

मालक शहाणा ठरला का? नीट बघा. सेलचा १४ कोटी ५० लाखांचा करार मालकाच्या होकाराशिवाय होईल असं मला तरी वाटत नाही. मतं जुळत नाहीत हे लवकरच कळलं होतं, तर मार्चमध्ये एवढ्या मोठ्या चेकला हो का म्हटलं? तुमच्या मॅनेजरची दिशा चुकतेय असं वाटत असताना त्याच्या ऑर्डरवर तुम्हीच सही करत असाल, तर ते नुकसान त्याच्या एकट्याच्या नावावर टाकता येत नाही.

पुढची गोष्ट तर अजून बोलकी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये टँपा बे रेजमधून काइम ब्लूमला आणलं. कमी पैशात टीम चालवण्यात तयार झालेला माणूस, डोम्ब्रोव्स्कींच्या बरोबर उलट. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने मूकी बेट्सला, सोबत प्राइसला जोडून, डॉजर्सना दिलं. टॅक्सची रेषा सुटली. बेट्सने डॉजर्सबरोबर १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि त्याच वर्षी ते चॅम्पियन झाले. बोस्टन २०२० मध्ये गटात तळाला. २०२१ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी आधीपर्यंत गेले, २०२२ मध्ये परत तळाला. ब्लूमने फार्म सिस्टिम सुधारली, म्हणजे सांगितलेलं काम केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यालाही काढलं.

२०१३ ची ट्रॉफी आणणाऱ्या बेन चेरिंग्टनचंही २०१५ मध्ये तेच. वर डोम्ब्रोव्स्की येऊन बसल्यावर तो निघून गेला. एका मालकाकडे तीन माणसं, तिघांनी नेमलेलं काम बऱ्यापैकी केलं, तिघंही गेले. इथे मला मालकाकडेही बोट दाखवावंसं वाटतं. प्रत्येक वेळी दिशा बदलायची म्हणून माणूस बदलला. दिशा बदलल्याचं असलेल्या माणसाला बसवून, आकडा लिहून सांगितलं असतं तर? कदाचित डोम्ब्रोव्स्कींनी ऐकलं नसतं. कदाचित ऐकलंही असतं. पूर्वी मार्लिन्समध्ये १९९७ ची ट्रॉफी जिंकल्यावर तेव्हाच्या मालकाने सांगितलं म्हणून त्यांनीच जिंकलेली टीम मोडून विकली होती. म्हणजे खर्च कापणं त्यांना येत नव्हतं असं नाही.

बाय द वे, डेट्रॉइट टायगर्सनेही त्यांना ऑगस्ट २०१५ मध्ये असंच सोडलं होतं, सलग चार गटविजयांनंतरच्या मोसमात. तो मालक माइक इलिच, बायकोबरोबर एका दुकानापासून लिटल सीझर्स पिझ्झाची साखळी उभी करणारा. आणि बोस्टननंतर? डिसेंबर २०२० मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने डोम्ब्रोव्स्कींना घेतलं, २०२२ मध्ये ती टीम वर्ल्ड सिरीजमध्ये होती. तिथल्या मालकाला लगेच जिंकायचं होतं, खर्चाची तयारी होती.

आपल्या कामाचं

तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्ष-दोन वर्षांत पहिला मॅनेजर किंवा वर्किंग पार्टनर ठेवणार आहेत. काही जण आज स्वतः कोणा शेठकडे दुकान सांभाळताय. दोघांनाही गृहपाठ एकच, कागद एक, उत्तरं दोन्ही बाजूंनी वेगवेगळी लिहायची आणि मग समोरासमोर ठेवायची.

पहिलं, येत्या १२ महिन्यांत या माणसाचं काम काय: विक्री वाढवणं, उधारी वसूल करणं, की स्टॉक कमी करणं? तिन्ही लिहू नका, एक निवडा. दुसरं, वर्षाअखेरीस ताळेबंदात काय दिसायला हवं: व्यापाऱ्यांचं देणं जास्तीत जास्त किती, गोदामात माल किती दिवसांचा, येणं किती? आकडे हवेत, "बघू" नको. तिसरं, किती रकमेच्या वरच्या ऑर्डरला मालकाची सही लागेल, आणि सही केल्यावर जबाबदारी कोणाची?

दर दिवाळीनंतर, सीझनचा हिशेब लागला की, हा कागद परत काढायचा. मोठा सीझन झाला असेल तर नक्कीच काढायचा, कारण काम बहुतेक वेळा तिथेच बदलतं आणि पेढे वाटण्याच्या गडबडीत कोणी कोणाला सांगत नाही. कागदाचा कोरा नमुना व्हिडिओच्या खाली दिलाय, प्रिंट काढून घ्या.