थांबवणारे पाणी, हलवणारे पाणी

भेडाघाटला पंचवटी घाटावर बांधलेल्या रिकाम्या नावेला हाताने धक्का दिला, तर ती थोडा वेळ डोलते आणि शांत होते. तिची ऊर्जा लाटांच्या रूपाने नर्मदेत जाते. यालाच अवमंदन म्हणतात. पण नाव पूर्ण स्थिर कधीच होत नाही. शेजारच्या नावांच्या लाटा आणि वाहते पाणी तिला सतत किंचित हलवत असतात. आमचे घर जबलपूरला असल्याने प्रत्येक सुट्टीत मी हे पाहतो. डोलणे थांबवणारे आणि डोलवणारे पाणी एकच!

हवेत टांगलेल्या दोलकाचेही असेच असते. हवेचे रेणू आपटून त्याला थांबवतात आणि तेच रेणू आपटून त्याला हलते ठेवतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये पाण्यातल्या सूक्ष्म कणांची अखंड धडपड सूक्ष्मदर्शकातून पाहिली. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दाखवले की कणाला होणारा विरोध आणि त्याची धडपड या दोन्हींचे मूळ एकच आहे आणि एकावरून दुसऱ्याचा हिशेब करता येतो. घर्षण फक्त ऊर्जा खाते, असे आपण वर्गात शिकतो. मला वाटते, ही अर्धीच गोष्ट आहे.

ही थरथर किती असते? ती दोनच गोष्टींवर ठरते : तापमान आणि ताठपणा. वस्तुमानाचा त्यात संबंध नाही, हे मला आधी पटेना, म्हणून हिशेब केला. एक मीटर दोरीला १०० ग्रॅमचे वजन बांधले, तर ते एक सेंटिमीटर बाजूला धरून ठेवायला साधारण एक ग्रॅम वजनाइतके बल लागते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, या दोलकाची औष्णिक थरथर सुमारे ०.०६ नॅनोमीटर येते. हायड्रोजनचा अणूही याहून रुंद असतो.

आता ग्राफीनचा ढोल घ्या. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड पडदा. तीन मायक्रोमीटर रुंदीचा असा पडदा सेकंदाला पाच कोटी वेळा कंपत असेल, तर त्याचा ताठपणा आपल्या दोलकाच्या निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून थरथरही जवळपास तेवढीच, थोडी जास्त. पण हा पडदाच मुळी एका नॅनोमीटरच्या सुमारे एक-तृतीयांश जाडीचा! अशा ढोलावर अतिसूक्ष्म बल मोजायचे असेल, तर ही थरथर आड येते. अवमंदन कमी केले की अनियमित धक्केही कमी होतात. म्हणून हे ढोल निर्वात जागेत ठेवतात. शिवाय थंड करतात : ३०० वरून ३ केल्विनवर आणले, तर थरथर एक-दशांश होते.

दोन दोलक जोडले की गंमत वाढते. दोन खाटांच्या मध्ये आडवी दोरी ताणून तिला सारख्या लांबीचे दोन दोलक टांगा. एकाला झोका द्या. हळूहळू दुसरा हलू लागतो, पहिला थांबतो, मग पुन्हा उलट. आता दुसऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा. पहिल्याला हातही न लावता तोसुद्धा लवकर मंदावतो, कारण त्याची ऊर्जा दोरीतून जाऊन पुठ्ठ्यापाशी खर्च होते.

मग असाच भरपूर अवमंदनाचा जोडीदार देऊन पहिल्याची औष्णिक थरथरही संपवता येईल का? नाही. पुठ्ठ्यावर आपटणाऱ्या रेणूंचे धक्केही त्याच दोरीने परत येतात. दोघांचे तापमान सारखे असेल, तर देणे-घेणे बरोबरीत सुटते. जोडीदार अधिक थंड असेल, तरच पहिल्याची थरथर घटते.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनच्या ढोलांवर काम करतो. ढोलाचे कातडे सगळे एकदम वरखाली होऊ शकते, किंवा एक भाग वर तर दुसरा खाली, असेही. २०१६ मध्ये या गटाने अशा वेगवेगळ्या कंपनप्रकारांना विजेच्या साहाय्याने एकमेकांशी जोडून दाखवले. आपल्या दोरीची जोडणी एकदा बांधली की बांधली. त्यांची जोडणी मात्र प्रयोग चालू असतानाच कमी-जास्त करता येते.