माल बघा, वारा बघा, मग ताडपत्री घ्या

पिकअप घेताना माणूस टायरपासून टेपपर्यंत सगळं तपासतो. ताडपत्री मात्र हार-पेढ्यांच्या गडबडीत, "त्यातली एक द्या" म्हणून घेतली जाते. पुढे तिच्याच भरवशावर शेतकऱ्याचा सगळा माल घाट उतरतो. जुन्नर तालुक्यातून टोमॅटो, कोथिंबीर आणि कांदा भरून पुणे-वाशीला गाड्या पाठवताना जे ध्यानात आलं, ते इथे क्रमाने मांडतो.

१. आधी माल ठरवा, मग कापड.
पाऊस सगळ्या मालाला सारखाच भिजवतो, पण झाकण सगळ्यांना सारखं मानवत नाही. कांदा आणि भाजीपाला काढल्यावरही श्वास घेत असतो, त्यातून ऊब आणि ओलावा सुटतो. हवाबंद प्लास्टिकखाली कांद्याला घाम येतो. लिलावाला गोणीचं तोंड उघडल्यावर वरचा थर ओलसर दिसला, की व्यापारी पहिला हात भावालाच घालतो. कोथिंबिरीच्या जुड्या कोंडल्या तर आतून तापतात आणि पिवळ्या पडतात. सिमेंट, खत आणि पशुखाद्याला मात्र वाऱ्याची ओलही चालत नाही. म्हणून भाजीवाल्याने उन्हासाठी शेडनेट आणि पावसासाठी ताडपत्री अशी दोन्ही झाकणं बाळगावीत. उघडीप असेल तर शेडनेट वर, आभाळ आलं तर ताडपत्री. एकाच कापडाकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरू नये.

२. स्वस्त-महाग बघण्याआधी जात बघा.
बाजारात साधारण चार जाती मिळतात. सुती कॅनव्हास थोडा श्वास घेऊ देतो, दणकट असतो, पण भिजला की उचलायला दोन माणसं लागतात आणि ओला ठेवला तर बुरशी धरतो. विणलेली प्लास्टिकची ताडपत्री, म्हणजे एचडीपीई, हलकी आणि स्वस्त; उन्हात लवकर म्हातारी होते. सिल्पॉलिनसारखं थरावर थर चिकटवलेलं कापड पाणी चांगलं अडवतं आणि त्याचे धागे सुटत नाहीत. पीव्हीसीचा जाड लेप असलेली ताडपत्री सगळ्यात टिकाऊ, पण वजनाला आणि खिशालाही जड. रोज लांब पल्ल्याला जाणाऱ्या गाडीला मी पीव्हीसी सुचवतो. आठवड्यातून एखादी फेरी असेल तर चांगल्या जाडीची एचडीपीई पुरते. त्या कापडाला उन्हापासून वाचवणारी यूव्ही प्रक्रिया झालेली आहे का, हे मात्र विचारून घ्यावं. ती नसेल तर कापडाचे पापुद्रे सुटतात आणि थेट भाजीत पडतात.

३. छापलेल्या जीएसएमपेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा.
जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. हा आकडा पिशवीवर कुणीही छापू शकतो, पण तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. १५ बाय १२ फुटांची ताडपत्री म्हणजे १८० चौरस फूट, जवळपास १६.७ चौरस मीटर. ती २५० जीएसएमची असेल तर काट्यावर सव्वाचार किलोच्या आसपास भरली पाहिजे. सव्वातीन किलो भरली, तर हातात २०० जीएसएमच आहे, मग पिशवीवर काहीही लिहिलेलं असो. "शेठ, जरा काट्यावर ठेवा," एवढं म्हटलं तरी पुष्कळदा दुकानदार आपणहून आतली दुसरी गठडी काढतो. वजन करण्याआधी ताडपत्री उलगडून टेपने मोजावी. लिहिलेलं माप पुष्कळदा कापड कापतानाचं असतं. कडा दुमडून शिवल्यावर ते काही इंचांनी कमी होतं.

४. माप हौद्याचं नको, भरलेल्या गाडीचं घ्या.
हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे म्हणून दहा बाय सहाची ताडपत्री आणणारे लोक असतात. ती रिकाम्या गाडीलाच बसते. क्रेट हौद्याच्या वर दीड फूट चढले, तर ताडपत्रीला दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट खाली उतरावं लागतं. त्याखाली फाळक्यावरून हुकापर्यंत आणखी दीड फूट लागतो. म्हणजे रुंदीला साडेपाच अधिक सहा, साडेअकरा फूट. लांबीला नऊ अधिक सहा, पंधरा फूट. नऊ फुटी हौद्याला १५ बाय १२ बसते ती या हिशोबाने. दहा फुटी हौदा असेल तर १८ बाय १२ बघावी. गरजेपेक्षा फार मोठीही घेऊ नये. उरलेलं कापड दुमडून राहत नाही, वाऱ्यात फडफडतं.

५. ताडपत्री पावसापेक्षा वाऱ्याने जास्त फाटते.
वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी ताशी ४० वरून ८० किलोमीटरवर नेली, तर ताडपत्रीवरचा मारा दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्यात गाडीच्या वरून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे तिथला दाब कमी होतो आणि ताडपत्री मधोमध फुगते. आरशात ती फुगलेली दिसली, की कडेच्या प्रत्येक फुलीवर, म्हणजे दोरी ओवायच्या धातूच्या कडीवर, ओढ बसते आहे असं समजावं. त्यामुळे पुढची कड सगळ्यात महत्त्वाची. केबिनच्या मागे ती मालाखाली किंवा जाळीच्या आत दाबून बांधली, तर वाऱ्याला शिरायला जागा राहत नाही. दोन ताडपत्र्या जोडून टाकायच्या असतील तर पुढची नेहमी मागचीच्या वर यावी, कौलं जशी एकावर एक चढतात तशी. उलटं केलं की वाराही आत आणि पाणीही आत. माळशेजच्या माथ्यावर पावसाळ्यात वारा कुठूनही येतो. तिथे चढण्याआधी गाडी बाजूला घेऊन एकदा दोरी ओढून बघणं हा नेमच ठेवावा.

६. फुली आणि दोरी हे ताडपत्रीचे खरे सांधे आहेत.
फुल्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या असाव्यात. लोखंडी फुली गंजते आणि भोवतालचं कापड खाते. कडेच्या दुमडीत दोरी शिवलेली आहे का आणि चारही कोपऱ्यांना जादा पट्टी आहे का, तेही चाचपून बघावं. तीन-तीन फुटांवर फुल्या असतात, पण आपल्या गाडीचे हूक तसेच असतील असं नाही. गरज पडली तर मधे फुल्या मारून घ्याव्यात. दोरीचंही तसंच. नायलॉन भिजलं की ताणलं जातं, त्यामुळे पावसात वाटेत पुन्हा आवळावं लागतं. सुती दोरी भिजल्यावर आखडते आणि वाळल्यावर सैल पडते. टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सगळ्यात गुणी. त्या ताणतात आणि परत येतात, म्हणून वाऱ्याचा धक्का फुलीवर येत नाही. फाळक्याच्या कोपऱ्यावर, जिथे कापड घासतं, तिथेही ट्यूबचा तुकडाच घालावा.

७. पाण्याला उतार द्या.
वरचा माल सपाट भरला की मधे डबकं होतं. चार बाय चार फुटांच्या खोलगट जागेत फक्त एक इंच पाणी साचलं, तरी ते ३८ लिटर, म्हणजे ३८ किलो होतं. एवढ्या ओझ्याने टोमॅटोचे वरचे क्रेट दबतात आणि कापड आणखी खोल जातं. मधल्या ओळीवर एक-दोन रिकामे क्रेट उपडे ठेवले किंवा लांबीला बांबू टाकला, की काम भागतं. रोजचीच गाडी असेल तर हौद्यावर पाइपच्या कमानी बसवून हूड शिवून घ्यावं. कारागिराकडे जाताना गाडी भरून न्यावी, म्हणजे तो उंची बरोबर धरतो.

८. हौशी गाडीची गोष्ट वेगळी.
हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाड्यांना हौद्याच्या काठाशी सपाट बसणारं, गुंडाळता येणारं विनाइलचं कव्हर मिळतं. बॅगा, अवजारं आणि प्रवासाचं सामान यांच्यासाठी ते छान आहे. काढघाल सोपी, दिसायला नीटस. पण काठाच्या वर माल जाणार असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि ब्लेडने कापता येतं म्हणून चोराला ते अडवत नाही. घ्यायचंच तर त्याच मॉडेलच्या हौद्याचं घ्यावं आणि खाली आडव्या पट्ट्या आहेत का ते बघावं. त्या नसतील तर पाणी साचून ते झोळीसारखं लोंबतं.

९. झाकण म्हणजे परवाना नव्हे.
ताडपत्री घट्ट बांधली म्हणून जादा माल कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल ठरलेल्या मर्यादेबाहेर बाजूला, मागे किंवा उंचीला निघाला तरी २०,००० रुपये दंड आहे. मागे लोंबणारं टोक नंबरप्लेट, लाल दिवे आणि रिफ्लेक्टर झाकत नाही ना, हे निघताना बघावं. रात्री मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसली पाहिजे.

१०. ओली घडी घालू नका.
घरी आल्यावर ताडपत्री दोरीवर किंवा फाळक्यावर पसरून वाळवावी आणि मग गुंडाळावी. एकाच रेषेवर रोज घडी पडली तर तिथेच चीर जाते, म्हणून घडीपेक्षा गुंडाळी बरी. खत, शेण आणि औषधांच्या मालासाठी वेगळी ताडपत्री ठेवावी. ती भाजीवर कधीही टाकू नये. बारीक भोकाला त्याच दिवशी ठिगळ लावावं.

नवी ताडपत्री घ्यायला निघालात तर तीनच गोष्टी बरोबर न्या: भरलेल्या गाडीचं माप, मोजायचा टेप, आणि "जरा वजन करा" म्हणण्याची तयारी. भाव त्यानंतर विचारा. जी ताडपत्री वाशीपर्यंत जाऊन, वाळून, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघते तीच स्वस्त. एका पावसाळ्यात चिंध्या होणारी निम्म्या किमतीत मिळाली तरी महागच.