दंतकट्ठापासून दंतमंजनापर्यंत : रोज तोंडात जाणाऱ्या वस्तूंची पारख

इतिहासाच्या अध्यापकाने दातांविषयी लिहावे, याचे या स्मरणिकेच्या काही वाचकांना नवल वाटेल. विनयपिटकातील ‘चुल्लवग्ग’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना मात्र ते वाटू नये. भिक्षू दंतकट्ठ, म्हणजे दातवण, वापरीत नसत आणि त्यामुळे त्यांच्या मुखाला दुर्गंधी येई. ही गोष्ट कानी आल्यावर भगवंतांनी दातवण न वापरण्याचे पाच तोटे सांगितले व ते वापरण्याची अनुज्ञा दिली. त्या पाचांत मुखदुर्गंधी आहे, चव न कळणे आहे, अन्न न रुचणे आहे. डोळ्यांना अपाय होतो, असाही एक तोटा सांगितला आहे. आजचे वैद्यक तो मान्य करणार नाही, आणि तसे म्हणण्यात आम्हाला कोणताही संकोच वाटत नाही.

त्यापुढची हकीकत आम्हाला अधिक मोलाची वाटते. काही भिक्षू लांबलचक दातवणे वापरू लागले आणि त्यांनीच श्रामणेरांना मारू लागले. तेव्हा दातवण आठ अंगुळांहून लांब नसावे, असा नियम झाला. पुढे एका भिक्षूने फारच आखूड दातवण वापरले व ते त्याच्या घशात अडकले. तेव्हा ते चार अंगुळांहून आखूड नसावे, असे ठरले. वस्तू हितकर होती, परंपरेतली होती, खुद्द शास्त्याने अनुज्ञा दिलेली होती. तरीही वापरात अपाय दिसताच तिला मर्यादा घातली गेली. आपल्या मोरीच्या फळीवरील आणि आजीच्या कनवटीच्या डबीतील वस्तूंना हीच कसोटी लावावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कडुनिंबाची वा बाभळीची कोवळी, ताजी काडी नीट चावून तिचा मऊ कुंचला केला, तर दातांवरचा चिकट थर तिने निघतो. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग याने येथील विहारांतील दातवणाचे वर्णन करताना, काडी चिरून तिने जीभ खरवडण्याची रीतही नोंदवली आहे. मात्र वाळलेली, टणक काडी जोराने घासल्यास हिरड्या सोलवटतात व कालांतराने दातांच्या मुळावरून खाली सरकतात. राखुंडी, कोळसा, विटेचा चुरा, जाड मीठ यांचा दोष याहून मोठा. दात चमकतात हे खरे, परंतु ती चमक वरचे कठीण कवच झिजवून आलेली असते, आणि हे कवच एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. गेरूने लाल झालेल्या खरखरीत मंजनांचेही तेच. थंड पाण्याने दात शिवशिवू लागले की लोक मंजन आणखी जोराने चोळतात, हे तर दुर्दैवच.

परंतु खरी चिंता मिश्रीची आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची, ही रीत महाराष्ट्रात घरोघरी, विशेषतः स्त्रियांत, रुजलेली आहे. आमच्या मेहकर तालुक्यातील वाड्यावस्त्याही तिला अपवाद नाहीत. सोयाबीनच्या सोंगणीला अंधारात निघणारी बाई चहाच्या आधी मिश्री लावते. तिने भूक मारली जाते, दाताचा ठणका तात्पुरता बधिर होतो, आणि ती लावल्याखेरीज पोट साफ होत नाही, अशी तिची खात्री असते. वस्तुतः हे सारे निकोटिनचे काम आहे. सकाळी जाणवणारी अस्वस्थता हा दातांचा रोग नसून व्यसनाची मागणी असते. मिश्री ‘मंजन’ या नावाने घरात येते, म्हणून तिला व्यसन म्हणण्यास घरचे तयार होत नाहीत. विडी ओढणाऱ्या बापाला मुले टोकतात, मिश्री लावणाऱ्या आईला कोणी टोकत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरीत होते. स्त्रियांपुरते पाहिले, तर दर सहांमागे एक. अशा तंबाखूत असणारी नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये कर्करोग निर्माण करतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात ठेवले आहे. गरोदर स्त्रीने ती वापरल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

एके काळी कारखानदारही तंबाखू घातलेली दंतमंजने व पेस्ट खुलेआम विकत. केंद्र शासनाने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली दंतप्रसाधनांत तंबाखू वापरण्यास बंदी केली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले; १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तथापि ही बंदी दंतप्रसाधनांपुरती आहे. चुलीवरच्या तव्यापर्यंत ती पोहोचत नाही. तंबाखू म्हणूनच विकली जाणारी पुडीही तिच्या कक्षेबाहेर राहते. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत व १८ वर्षांखालील मुलांना तिची विक्री निषिद्ध केली आहे, इतकेच. म्हणजे कायद्याने जे व्हायचे ते बरेचसे झाले. उरलेले घरातच व्हायला हवे.

आजीला रागावून ते होणार नाही. पन्नास वर्षांची सवय सुटताना चिडचिड होते, डोके दुखते, झोप उडते. काही आठवड्यांत हा त्रास ओसरतो, हे तिला आधी सांगावे. १८००-११-२३५६ हा शासनाचा तंबाखूमुक्ती दूरध्वनी विनामूल्य आहे. आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड उघडताना तीन बोटे मावेनाशी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास दुखत नाही म्हणून थांबू नये. या आजारात सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते; छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. दुखऱ्या दाताच्या पोकळीत तंबाखूची चिमूट किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा कोंबून ठेवणे हा उपचार नव्हे. तेलाने उलट हिरडी भाजू शकते.

आता पेस्ट. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात व त्यात दाताचे कवच विरघळू लागते; फ्लोराइड ही झीज भरून येण्यास मदत करते. म्हणून ट्यूब घेताना जाहिरातीतील हसरा चेहरा न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. भारतात पेस्टमधील फ्लोराइड दशलक्ष भागांत १००० भागांहून अधिक असू नये, आणि ते प्रमाण व मुदत संपण्याची तारीख ट्यूबवर छापलेली असावी, असा नियम आहे. ट्यूबच्या तळाशी असणाऱ्या हिरव्या वा काळ्या चौकोनावरून ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ ओळखण्याचा संदेश मोबाइलवर फिरतो, तो निव्वळ खोटा आहे. ट्यूब कुठे कापायची हे यंत्राला कळावे, एवढ्यासाठीच ती खूण असते.

हिशेब सोपा आहे. अशा एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असते. ब्रशभर पट्टी साधारण तेवढी भरते आणि लहान मूल ती गोड म्हणून गिळते. विदर्भाच्या काही भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी पिण्यास योग्य मानले जात नाही. दोन्हीकडून मिळालेल्या अतिरेकाने नव्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. म्हणून तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि थुंकायला शिकवणे आवश्यक. गावच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीकडून करवून घ्यावी. माउथवॉशची शाळकरी मुलांना गरज नसते. डॉक्टरांनी दिलेले क्लोरहेक्सिडिनही सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरू नये. त्याने दात तपकिरी पडतात.

वसतिगृहात पाल्य ठेवणाऱ्या पालकांना एक विनंती. पेटीत ‘मऊ’ असे छापलेले दोन ब्रश द्यावेत, त्यांवर मुलाचे नाव घालावे, आणि तीन महिन्यांनी अथवा केस फाकताच जुना टाकून द्यावा. भावंडांनी एक ब्रश वापरू नये. हिरड्यांतून रक्त येत असेल तर मुळीच नाही. ओला ब्रश डबीत कोंडू नये, उभा ठेवून वाळू द्यावा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. कोणताही दात न पडता ती उगवते, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी सोडून देतात. ती कायमची दाढ आहे. पहिलीत प्रवेश घेताना मुलाचे तोंड उघडून ती एकदा पाहून घ्यावी, आणि रात्रीच्या जेवणानंतरचे दात घासणे तेव्हापासून चुकू देऊ नये.