विमानाचा स्क्रू आणि चौफुलीचा घोटाळा

नेसरीत एखाद्या पंपदुरुस्तीच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. गंजलेल्या स्क्रूवर मिस्त्री जोर लावतो, स्क्रू ड्रायव्हर सटकतो आणि खाचेची कड उडते. मग छिन्नी-हातोडी बाहेर येते. पंपाचे त्याने फारसे बिघडत नाही. पण बेळगावजवळ सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला ही छिन्नी चालेल काय?

विमानाच्या अंगावरची झाकणे तपासणीसाठी पुन्हा पुन्हा उघडावी लागतात. त्यांवरील बरेच स्क्रू पत्र्याशी समपातळीत बसवतात. वर आलेला माथा हवेला अडवतो. असा माथा पान्याने पकडता येत नाही, सारी भिस्त खाचेवर! सरळ खाचेतून ड्रायव्हर बाजूला घसरतो व पत्र्यावर ओरखडा उठतो. म्हणून चौफुली खाच आली. तिचा 'फिलिप्स' हा प्रकार १९३६ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत वापरला गेला. आपण त्याला 'स्टार' म्हणतो.

फिलिप्सच्या खाचेच्या भिंती मात्र उतरत्या असतात. बलाचे घटक तुम्ही शिकला आहात ना? पिळताना भिंतीची प्रतिक्रिया तिरपी येते. तिचा एक घटक पिळाला विरोध करतो, दुसरा ड्रायव्हरला वर ढकलतो. जोर वाढवावा तसा हा ढकलही वाढतो. म्हणून पिळताना वरून दाबावेही लागते. नाहीतर टोक उसळून खाच गुळगुळीत होते. मग स्क्रू ड्रिलने पोखरून काढणे आले.

खरी गंमत पुढे आहे. 'रीड अँड प्रिन्स' नावाच्या खाचेतही चौफुलीच असते. पण तिचा ड्रायव्हर टोकदार, फिलिप्सचा बोथट. एकाचा दुसऱ्यात बसल्यासारखा वाटतो, पण नीट टेकत नाही. 'टॉर्क-सेट'मध्ये चारही फाटे समोरासमोर न ठेवता थोडे सरकवलेले असतात आणि भिंती जवळजवळ उभ्या. त्यामुळे वर ढकलणारा घटक फार कमी, पीळ भरपूर देता येतो.

हा घोटाळा माथ्यापुरताच नाही. जून १९९० मध्ये इंग्लंडमध्ये एका विमानाची पुढची काच बदलताना नवे बोल्ट जुन्याशी नजरेनेच ताडून घेतले होते. ९० पैकी ८४ बोल्ट ०.०२६ इंचाने, म्हणजे सुमारे ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले. १० जूनला सुमारे १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कप्तानासह सारे वाचले.