चार पृष्ठांची किंमत

‘डेमी १/८, १६० पृष्ठे, ७० जीएसएम मॅपलिथो, आत एक रंग, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, चार रंग, मॅट लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग, १००० प्रती.’ छापखान्यात कोटेशनसाठी अशी ओळ येते आणि एस्टिमेटर कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. नुकत्याच बारावी झालेल्या मुलाला यातले फार तर ‘पृष्ठे’ आणि ‘प्रती’ कळतील. बाकीच्या प्रत्येक शब्दामागे कागद, मशीनचा वेळ किंवा माणसाची मजुरी आहे. हे सगळे रुपयांत मांडता येणाऱ्याला मुद्रणात काम मिळते, हे करिअरच्या माहितीपत्रकांत सहसा लिहिलेले नसते.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. डेमी १/८ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, मराठी कथा-कादंबऱ्यांचे ओळखीचे माप. २३ बाय ३६ इंचांच्या एका कागदावर दोन्ही बाजू मिळून अशी ३२ पृष्ठे बसतात. १६ पृष्ठांचा एक फॉर्म धरला, तर १६० पृष्ठांचे पुस्तक १० फॉर्मांचे झाले. एका प्रतीला पाच कागद, हजार प्रतींना पाच हजार, म्हणजे १० रिम. जीएसएम हे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. त्यानुसार ७० जीएसएमचा हा रिम सुमारे १८.७ किलो भरतो आणि अख्ख्या कामाला १८७ किलो कागद लागतो. मशीनवर रंग आणि जागा जुळेपर्यंत वाया जाणारे कागद, म्हणजे वेस्टेज, याशिवाय. ग्राहक सहज म्हणाला, ‘जरा जाड वाटू द्या, ८० करा,’ तर २७ किलोच्या आसपास वजन वाढले. कागदाचा भाव किलोवर ठरतो, त्यामुळे ‘जरा जाड’ची किंमत लगेच सांगता येते.

आता लेखकाने शेवटच्या क्षणी ऋणनिर्देश वाढवला आणि पृष्ठे १६४ झाली. ही चार पृष्ठे कोणत्याच फॉर्मात बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी प्लेट, मशीनची वेगळी मांडणी, वेगळी घडी, आणि बाइंडिंगमध्ये तो पाव फॉर्म वेगळा जुळवण्याचे काम. जाणकार माणूस अशा वेळी दर वाढवण्याआधी पुस्तक चाळतो. एखादे कोरे पृष्ठ काढता येईल का, अनुक्रमणिका आवरता येईल का, हे पाहतो आणि पुस्तक पुन्हा १६० वर आणतो. ग्राहकाचे पैसे वाचवणारा हा माणूस मालकालाही हवा असतो, कारण पुढच्या वर्षी तो ग्राहक त्याच छापखान्यात येतो.

पालकांची शंका मात्र वेगळीच असते. सगळे मोबाइलवर आले, लग्नपत्रिकासुद्धा व्हॉट्सॲपवर जाते, मग मुलाला या धंद्यात कशाला घालायचे? शंका अगदीच निराधार नाही. खिळे जुळवणारा कंपोझिटर हा व्यवसाय एका पिढीत संपला, आणि फिल्म काढून प्लेट करणाऱ्यांचे काम संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या सीटीपी यंत्राने घेतले. पण औषधाची गोळी, चहाची पावडर आणि फरसाण मोबाइलमधून घरी येत नाही. त्यांना खोका, पाकीट, लेबल लागते आणि ते कुणीतरी छापावे लागते. तिथली शब्दावली पुस्तकाच्या छापखान्यापेक्षा वेगळी आहे: प्लास्टिकच्या पाकिटांसाठी फ्लेक्सो आणि ग्रॅव्हुअर, खोक्यांसाठी डाय पंचिंग, क्रीजिंग, फोल्डिंग-ग्लुइंग. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाची मागची शिवण उलगडली, तर रंगांचे छोटे ठिपके किंवा चौकोन ओळीने छापलेले अनेकदा दिसतात. चारांपेक्षा जास्त असतील, तर कंपनीच्या खास रंगांसाठी जादा सिलिंडर लावले आहेत, असे साधारण समजावे.

हे चार रंग म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा, छापखान्याच्या बोलीत सीएमवायके. मोबाइलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. म्हणूनच पडद्यावर पेटलेला भगवा चार रंगांच्या छपाईत थोडा मळकट उतरतो आणि मंडळाच्या अहवालाचे कव्हर पाहून कार्यकर्ते नाराज होतात. तो भगवा तसाच हवा, तर स्पेशल कलरची वेगळी शाई आणि वेगळी प्लेट, खर्चही वेगळा. हे छपाईनंतर समजावणे म्हणजे भांडण. आधी सांगितले तर तो सल्ला ठरतो.

देवनागरीची स्वतःची दुखणी आहेत आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांनी इथे कान टवकारावेत. चार रंगांच्या चार प्लेटांची छपाई एकावर एक नेमकी बसणे म्हणजे रजिस्ट्रेशन. बारीक मजकुराचा काळा रंग चुकून चारही रंगांच्या मिश्रणातून आला आणि रजिस्ट्रेशन केसभर सरकले, तर मात्रांना आणि अनुस्वारांना लाल-निळी कड येते. म्हणून मजकूर केवळ काळ्याच प्लेटवर ठेवायचा असतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर रूपांतरित करताना रफार, ‘ऱ्य’, जोडाक्षरे तुटतात. सॉफ्टवेअर त्याबद्दल तक्रार करत नाही. ती चूक डोळ्यांनीच पकडावी लागते. शुद्धलेखन पक्के असलेला प्रीप्रेस ऑपरेटर, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणारा, यासाठी मोलाचा ठरतो. चाचणी परीक्षेत मराठीला मिळालेले चांगले गुण वाया गेले, असे वाटणाऱ्या घरांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

शिक्षणाच्या वाटा फार नाहीत, पण आहेत. दहावीनंतर मुंबईच्या गव्हर्नमेंट इन्स्टिट्यूट ऑफ प्रिंटिंग टेक्नॉलॉजीत तीन वर्षांची पदविका करता येते. बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रिंटिंग इंजिनिअरिंग हा जुना पर्याय आहे, आणि पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. पॅकेजिंगकडे जायचे, तर विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीनंतर मुंबईतली, १९६६ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग. आयटीआयमध्ये ऑफसेट मशीन मायंडर, प्लेट मेकर असे ट्रेड असतात. ‘सरकारी काही आहे का?’ असे विचारणाऱ्या पालकांसाठी: नाशिकच्या नोटांच्या आणि सिक्युरिटी मुद्रणाच्या प्रेसमधल्या तंत्रज्ञ भरतीत छपाईचे हे ट्रेड मागितले जातात. जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट, हेही खरे.

प्रवेशाआधी एक तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे करून घ्यावी: रंगांधळेपणाची. लाल-हिरव्यातला फरक न कळणे मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळते आणि पुष्कळांना ते विशीपर्यंत ठाऊकच नसते. तसे निघाले, तर रंग जुळवण्याचे काम नको. एस्टिमेटिंग, फॉर्मात पृष्ठांची मांडणी बसवण्याचे इम्पोझिशन, उत्पादनाचे नियोजन या वाटा मोकळ्याच राहतात.

कॉलेज बघायला जाताना पालकांनी इमारतीपेक्षा वर्कशॉप बघावे. सीटीपी आहे का, मुले स्वतः मशीनवर शाई चढवतात का, शेवटच्या वर्षी छापखान्यात किंवा पॅकेजिंग कंपनीत किती आठवडे पाठवतात, हे विचारावे. ऑफसेट मशीनवर कापड टाकलेले दिसले, तर ते शेवटचे कधी काढले होते, हेही विचारावे आणि उत्तर प्राध्यापकांऐवजी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घ्यावे.