‘इन’ म्हणजे नेहमी ‘नाही’ नव्हे

माझे घर भिलाईतल्या पावर हाउस भागात आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, अशा तीन भाषांत मी वाढलो. इंग्रजी चौथी. ती मला येते, असा माझा समज होता. एका मार्च महिन्यात तो समज मोडला.

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडे लोखंडी कूलर बाहेर निघतात आणि त्यांना रंग दिला जातो. मी तेव्हा सहावीत होतो. बाबा अंगणात रंगात थिनर मिसळत होते. जवळच कोळशाच्या सिगडीवर चहा ठेवला होता. डब्यावरचा लाल शब्द दाखवून बाबांनी विचारले, “हे काय लिहिलंय रे?” मी वाचले, ‘इनफ्लेमेबल’. आदल्याच आठवड्यात वर्गात ‘इन’ म्हणजे ‘नाही’ असे शिकलो होतो. मी छाती काढून सांगितले, “फ्लेम म्हणजे ज्योत. इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं!” बाबांनी डबा तिथेच राहू दिला. थोड्या वेळात भपकन जाळ झाला. बाबांनी ओले पोते टाकून तो विझवला, पण त्यांचा उजवा हात भाजला.

उपसर्ग नीट ओळखा

‘इनफ्लेमेबल’ हा शब्द ‘इनफ्लेम’, म्हणजे पेटवणे, या क्रियापदापासून आला आहे. त्यातला ‘इन’ नकाराचा नाही. म्हणून ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ एकच : सहज पेट घेणारे. न पेटणाऱ्यासाठी शब्द आहे ‘नॉन-फ्लेमेबल’. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या निखाऱ्यापर्यंतही पोहोचते. आमच्या अंगणात तेच घडले.

नकाराचा खरा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. आपण ‘आंबा’ लिहितो, पण त्यातला अनुस्वार ‘म्’ असा उच्चारतो, कारण ‘ब’साठी ओठ मिटावे लागतात. इंग्रजीतही तसेच :

• प, ब, म यांपूर्वी ‘इम’ : इम्प्युअर (अशुद्ध), इम्बॅलन्स (असमतोल)
• ल पूर्वी ‘इल’ : इललिटरेट (निरक्षर)
• र पूर्वी ‘इर’ : इररिव्हर्सिबल (उलट न फिरणारा, जसा लाकूड जळण्याचा बदल)
• इतर बऱ्याच ठिकाणी ‘इन’ : इनसोल्युबल (न विरघळणारे; जशी पाण्यात वाळू)

याशिवाय ‘अन’ (अनसेफ), ‘डिस’ (डिसओबे) आणि ‘नॉन’ (नॉन-मेटल, म्हणजे अधातू) आहेत. कोणत्या शब्दाला कोणता उपसर्ग लागतो, हे मात्र पाठच करावे लागते. आणखी एक फसवा शब्द आहे ‘इनव्हॅल्युएबल’. त्याचा अर्थ ‘कवडीमोल’ नाही, ‘अमूल्य’ आहे. आपल्या ‘अमूल्य’मध्येही ‘अ’ आहेच की!

जर-तरची चार वाक्ये

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा कारखान्यात जर-तरला फार किंमत असते.

१. नेहमी घडणारे सत्य. “इफ वेट स्क्रॅप फॉल्स इंटू मोल्टन स्टील, द वॉटर टर्न्स इंटू स्टीम.” पाण्याची वाफ होताना ते सुमारे १,७०० पट जागा घेते, म्हणून ओल्या भंगाराने स्फोट होतो. दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ.

२. पुढे घडू शकणारे. “इफ इट रेन्स, द परेड विल स्टॉप.” मराठीत आपण ‘पाऊस आला तर’ म्हणतो, ‘आला’ दिसतो भूतकाळी, पण अर्थ पुढचा. इंग्रजीत इथे वर्तमानकाळ येतो. “इफ इट विल रेन” ही आपल्या वर्गातली सर्वांत जुनी चूक.

३. आत्ता नसलेली, कल्पनेतली गोष्ट. “इफ देअर वेअर नो एअर, वी वुड नॉट हिअर द ब्यूगल.” हवा नसती, तर बिगुल ऐकू आला नसता.

४. घडून गेलेले, आता न बदलणारे. “इफ आय हॅड ओपन्ड द डिक्शनरी, बाबा वुड नॉट हॅव बर्न्ट हिज हँड.” मी शब्दकोश उघडला असता, तर बाबांचा हात भाजला नसता.

तिसरे आणि चौथे वाक्य मराठीत पुन्हा वाचा. ‘ऐकू आला नसता’, ‘भाजला नसता’ : दोन्हीकडे क्रियापदाचे रूप एकच! इंग्रजी मात्र विचारते, ही कल्पना आत्ताची की झालेल्या गोष्टीची? आत्ताची असेल तर ‘वुड’, झालेली असेल तर ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. मराठी मुलांचा घोळ इथेच होतो.

‘अनलेस’ म्हणजे ‘इफ नॉट’. त्याच्या पोटातच नकार आहे, म्हणून त्याच्या भागात आणखी ‘नॉट’ घालू नका. “डू नॉट ओपन द टिन अनलेस यू अंडरस्टँड द लेबल.”

सरावासाठी

१. नकारार्थी रूप लिहा : पॉसिबल, लीगल, रेग्युलर, स्टेबल.
२. इंग्रजीत लिहा : बंद खोलीत कोळसा जळला तर ज्वलन अपूर्ण होते. (‘अपूर्ण’साठी योग्य उपसर्ग वापरा. अशा ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो.)
३. स्वतःच्या एखाद्या चुकीवर चौथ्या प्रकारचे वाक्य लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर तुम्ही वाचलेच आहे. हाताला पट्टी बांधलेली असताना बाबा मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “माहीत नव्हतं तर नाही माहीत म्हणायचं होतंस. आपण कुणाला तरी विचारलं असतं.” या सुट्टीत ते पुन्हा कूलर रंगवायला बसले आणि नवा डबा माझ्यापुढे धरला. मी आधी सिगडी विझवली, मग शब्दकोश आणायला आत गेलो.